नंबरावर मिळालेले घर, नावावर अडलेले घर : नाशिकच्या जमिनीची गोष्ट

नाशिकचा इतिहास आपण देवळे, लेणी, कुंभमेळा आणि स्वातंत्र्यलढा यांच्यातून वाचतो. जमिनीचा इतिहास म्हणून तो फारसा कुणी वाचत नाही. कोणती वस्ती का वसली, कुणी वसवली, तिथे कुणाला घर मिळाले आणि कुणाला मिळाले नाही, हे प्रश्न आपण घर-एजंटांवर सोडून दिले आहेत. म्हणून हा लेख एका एजंटाच्या मतांवरून लिहीत आहे.

हे गृहस्थ जुन्या नाशकातले. पस्तीसेक वर्षे जमिनी आणि फ्लॅटच्या व्यवहारात आहेत. त्यांची मुले माझ्या वर्गात शिकली, त्यामुळे ते मला 'सर' म्हणतात आणि मी त्यांना 'भाई'. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. त्यांची तीन ठाम मते आहेत. पहिले त्यांच्याच बोलीत सांगतो : "सर, जमीन नहीं बिकती, रस्ता बिकता." दुसरे, कंपनी जिकडे जाते तिकडे वस्ती जाते. तिसरे मत ते आवाज खाली आणून सांगतात : नाव विचारल्याशिवाय आता चावी मिळत नाही. पहिली दोन मते शहराच्या इतिहासात खरी ठरतात का, आणि तिसरे कधीपासून खरे झाले, एवढेच पाहायचे आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीचे खरेदीखत

नाशिकमधला नोंद असलेला सगळ्यात जुना जमीन-व्यवहार पांडवलेण्यात कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातल्या लेखात लिहून ठेवले आहे की, त्याने वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना एक शेत विकत घेतले आणि ते लेण्यातल्या भिक्षूंच्या अन्नासाठी दिले. शेत नगराच्या सीमेवर कोणत्या दिशेला आहे हेही लिहिले आहे, आणि ते विकणाऱ्याच्या वडिलांचे होते हेही. म्हणजे किंमत, चतुःसीमा आणि मालकीची साखळी हे सगळे त्यात आले. आजच्या खरेदीखतात याहून वेगळे काय असते?

शेजारच्या लेखात याच उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. शहराच्या उद्योगावर लोकांचा एवढा भरवसा होता की धर्मादायाचा पैसाही ते विणकरांकडे ठेवत.

त्याहून गमतीची नोंद तिसऱ्या लेण्यात आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी भिक्षूंना दोनशे निवर्तने शेत दिले. सहा वर्षांनी दुसरा हुकूम काढावा लागला. काखडी गावातले आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत, असा तो हुकूम आहे. भाईंना हे वाचून दाखवले तेव्हा ते लगेच म्हणाले, "आडबाजूची दोन एकर देऊन गावाजवळची एक एकर घेतली. फायद्याचा सौदा." ओसाड गावातल्या दोनशेपेक्षा शहराजवळच्या शंभराला मोल जास्त, हे राजालाही मान्य करावे लागले होते.

गुलशनाबादचे पुरे

मुघल काळात या शहराचे नाव गुलशनाबाद झाले. पेशवाईत पुन्हा नाशिक झाले आणि १८१८ मध्ये इंग्रज आले. राज्ये बदलली तरी जमिनीच्या कागदाची भाषा फारशी बदलली नाही. जमीन, मालमत्ता, दस्तऐवज, खरेदी, कब्जा, हिस्सा, वारस, मुखत्यार, बयाना, तहसील हे सगळे शब्द फार्सी-अरबीतून आलेले. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे मुलांना हे शब्द शोधायला लावतो. तलाठ्याच्या दप्तरात बसलेल्या माणसाला आपण दोन भाषांत काम करतो आहोत हे जाणवतही नाही.

'दलाल' हा शब्दही तसाच अरबी. ज्या धातूपासून 'दलील' आला त्याच धातूपासून हा आला. मूळ अर्थ वाट दाखवणारा. मराठीत तो शिवीसारखा झाला, म्हणून भाई स्वतःला 'इस्टेट एजंट' म्हणवून घेतात.

जुन्या नाशकातल्या वस्त्यांची नावे वाचली तर शहर कसे वसले ते कळते. बागवानपुरा, कोकणीपुरा, काजीपुरा, पिंजारघाट, तांबट आळी, दूध बाजार. नावात धंदा आहे, हुद्दा आहे किंवा कुठून आलो त्याची खूण आहे. या वस्त्या जात-जमातीच्या होत्याच, त्यात शंका नको. जुने शहर म्हणजे समतेचे नंदनवन होते असे मी म्हणणार नाही. पण पुरे एकमेकांना चिकटून होते. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना नमाज आणि आरती दोन्ही कानावर पडत, आणि पिंजाऱ्याची गिऱ्हाईके सगळ्या आळ्यांत असत.

या गावठाणाचा आजचा प्रश्न कागदाचा आहे. इथे सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. तीवर आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असते आणि खाली तीस-चाळीस वारस. भाडेकरू १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यापासूनचे. वाडा पडायला आला तरी तो पाडायला सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत. त्यात गोदावरी. १९६९ आणि २००८ चे पूर जुन्या लोकांना तारखेसह आठवतात. २००८ नंतर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली आणि नदीकाठच्या कित्येक घरांना नव्या बांधकामाची परवानगी मिळणे अवघड झाले. घर आहे पण विकता येत नाही, पाडता येत नाही, वाढवता येत नाही. कुटुंबे मात्र वाढली. आपल्या मोहल्ल्यांतली दाटी समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते.

रूळ, छापखाना आणि धरण

आता भाईंचे पहिले मत. १८६० च्या दशकात रेल्वे आली, पण स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब झाले. या अंतराने दुसरे शहर जन्माला घातले, त्याचे नाव नाशिकरोड. १८८९ मध्ये गाव आणि स्टेशन जोडणारी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ज्या माळरानाला कुणी विचारत नव्हते तिथे स्टेशनमुळे बाजार आला.

मग सरकारने तिथे कारखाने आणले. भारताची टपाल तिकिटे तोवर लंडनमध्ये छापली जात. १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि ती छपाई इथे आली. १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. पुढे गांधीनगरला केंद्र सरकारचा आणखी एक छापखाना झाला. या प्रेसच्या नोकरीने नाशकात पहिल्यांदा मोठा पगारदार कामगारवर्ग तयार केला. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, निवृत्तीनंतर पेन्शन आणि राहायला क्वार्टर.

स्वातंत्र्यानंतर हा वेग वाढला. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्याशिवाय आजचे नाशिक शक्य नव्हते. १९६२ मध्ये राज्यात एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. १९६४ मध्ये ओझरला एचएएलचा विमान कारखाना आला, मिग-२१ विमानांसाठी. एकलहऱ्याला वीजकेंद्र झाले. सातपूरला आणि नंतर अंबडला मोटारी, त्यांचे सुटे भाग, टायर, विजेची उपकरणे, औषधे यांचे कारखाने आले. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आजूबाजूची गावे एकत्र करून महापालिका झाली. १९९१ मध्ये साडेसहा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांवर गेली.

या यादीत एक गोष्ट सारखी दिसते. रूळ, छापखाना, धरण, एमआयडीसी, महापालिका, यांतले काहीही जमीनमालकाने किंवा एजंटाने केलेले नाही. ज्याला आपण 'लोकेशन' म्हणतो ते सार्वजनिक पैशातून तयार झाले. भाव मात्र खासगी खिशात गेला. भाईही हे मान्य करतात. "आम्ही काय करतो? सरकार रस्ता कुठे नेणार ते दोन वर्षे आधी ओळखतो. तेवढीच आमची हुशारी."

जेव्हा घर नंबरावर मिळत होते

कारखान्यांबरोबर कामगारांच्या घरांचा प्रश्न आला. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि १९७० च्या दशकातच अंबडच्या बाजूला नवीन नाशिकचे काम तिच्याकडे आले. सहा योजना झाल्या. आजही रिक्षावाला 'पहिली स्कीम', 'सहावी स्कीम' असेच विचारतो. एक-दोन खोल्यांची बैठी घरे, पुढे-मागे थोडी जागा, परवडणारा हप्ता. अर्जात उत्पन्न किती हे विचारले जाई. अत्यल्प, अल्प, मध्यम असे गट होते. घराला नंबर होता, अर्जाला नंबर होता.

हे मला इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. प्रेसच्या क्वार्टरमध्ये, एचएएलच्या टाउनशिपमध्ये, सिडकोच्या स्कीममध्ये शेजारी कोण येणार हे कुणी निवडलेले नव्हते. खानदेशातला पाटील, कळवणचा कोकणा, मराठवाड्यातला शेख, केरळचा फिटर असे लोक एका ओळीत आले, कारण नंबर तसा लागला. माझ्या ओळखीच्या अनेक निवृत्त कामगारांच्या मुलांची मराठी आणि उर्दू दोन्ही चांगली आहेत. ती त्यांनी शाळेत जेवढी कमावली त्याहून जास्त ओट्यावर कमावली. सगळे गोडीगुलाबीने राहत होते असे नाही. पाण्यावरून भांडणे होत, सणाला लाउडस्पीकरवरून होत. पण भांडायला शेजारी तर होता.

मालेगावशी तुलना केली तर फरक कळतो. तिथे यंत्रमाग घरातच किंवा घराला लागून. घर आणि कारखाना एकाच मोहल्ल्यात, त्यामुळे मोहल्ला सोडायचा प्रश्न आला नाही. नाशकात कारखाना सरकारने ठरवून शहराबाहेर ठेवला, आणि कामगाराला जुनी गल्ली सोडून त्याच्या मागे जावे लागले. ज्याला पक्की नोकरी मिळाली तो गेला. ज्याला मिळाली नाही तो गॅरेज, फॅब्रिकेशन, फर्निचर, भाजी-फळे, भंगार या धंद्यांत जुन्या शहराजवळच राहिला.

भंगाराचे उदाहरण पाहा. कारखाने चालायचे तर त्यांचा टाकाऊ पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा उचलणारा कुणीतरी लागतोच. अंबड-सातपूर लिंक रोडवर असा मोठा बाजार उभा राहिला. त्यात आपल्या समाजातले लोक पुष्कळ होते. धंदा खरा, गरज खरी, पण जागेला परवानगी नाही. न्यायालयात बराच काळ लढा चालला आणि २०१७ मध्ये महापालिकेने तो बाजार पाडला. उद्योगाला जागा देताना आराखड्यात कारखान्याचा विचार झाला, पण त्याच्या कचऱ्यावर जगणाऱ्याचा झाला नाही. आणि त्या माणसानेही एन.ए.चा कागद कधी विचारला नाही.

नाव सांगा, मग बोलू

१९९० नंतर चित्र पालटले. सरकारी घरबांधणी आटली आणि बिल्डरच्या इमारती वाढल्या. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, गोविंदनगर, पाथर्डी फाटा. आता शेजारी कोण हे अर्जाच्या नंबरावर ठरत नाही, फोनवर ठरते. भाई सांगतात, "आधी लोक पार्किंग विचारायचे, पाणी विचारायचे. मग पहिला प्रश्न आला : पार्टी कोण आहे? पार्टी म्हणजे काय ते मला कळते, त्यांनाही कळते." काही इमारतींत ते आपल्या गिऱ्हाइकासाठी फोनच करत नाहीत. वेळ वाया जातो आणि गिऱ्हाइकाचा अपमान होतो.

मी स्वतः एकदा शाळेजवळ भाड्याने घर शोधत होतो. फोनवर माझे मराठी ऐकून समोरचे गृहस्थ खूश होते. भाडे ठरले, चावी कधी घ्यायची तेही ठरले. मग त्यांनी पूर्ण नाव विचारले. संध्याकाळी निरोप आला की त्यांचे नातेवाईक राहायला येणार आहेत. असे नातेवाईक माझ्या सहकाऱ्यांनाही बरेच भेटले आहेत.

हे नाशिकपुरते नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना हव्या त्या भागात घर भाड्याने किंवा विकत मिळण्यात येणाऱ्या अडचणींची नोंद आहे, आणि त्यामुळे एकाच ठिकाणी गोळा होऊन राहण्याचीही. नाशकात हा लोंढा जुन्या शहरातून पखाल रोड, वडाळा रोड, खोडेनगर, अशोका मार्ग या बाजूंना वळला. इथे चांगल्या इमारती झाल्या, डॉक्टर-इंजिनिअर राहायला आले, हे आनंदाचे आहे. पण पर्याय कमी असले की भाव चढतो. तसाच फ्लॅट, तेवढेच चौरस फूट, आणि तरी आपला माणूस जास्त पैसे मोजतो, कारण त्याला दुसरीकडे जाता येत नाही. भाई हसून म्हणतात, "माझा धंदा चांगला चालतो सर. पण ही मागणी नाही, अडवणूक आहे." एजंटाने स्वतःच्या नफ्याविषयी एवढे स्पष्ट बोलावे, हे मला विशेष वाटले.

त्यांचे दुसरे एक निरीक्षण उद्योगाविषयी आहे. पक्का कामगार कर्ज काढून फ्लॅट घेतो, कंत्राटी कामगार खोली घेतो. कारखान्यांत कंत्राटी माणसे वाढली तसे घर-बाजाराचे दोन तुकडे झाले. मोठ्या रस्त्यावर टॉवर, आणि मागे शेतात गुंठ्यावर पाडलेल्या प्लॉटांवर खोल्या. गरीब माणूस, कुठल्याही धर्माचा, या दुसऱ्या तुकड्यात जातो. आपल्यातला मध्यमवर्गीयही कधी कधी नावामुळे तिथेच ढकलला जातो. नाव आणि गरिबी या दोन वेगळ्या भिंती आहेत. त्या जिथे एकत्र येतात तिथे रस्ता, शाळा आणि गटार सगळ्यात शेवटी पोहोचते.

हातात काय आहे

इतिहास वाचून हळहळण्यात अर्थ नाही. काही गोष्टी आज कायद्यात आहेत आणि आपण त्या वापरत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम २३ प्रमाणे, पात्र असलेल्या माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. कलम २२ प्रमाणे, अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. सोसायटीचे चेअरमन तोंडी 'नाही' म्हणतात आणि आपण गप्प बसतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, लेखी कारण मागा. लेखी कारण द्यायला बहुतेक लोक कचरतात.

रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण २०१७ पासून आहे. रेराखालच्या प्रकल्पात व्यवहार करणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे, आणि आता परीक्षाही द्यावी लागते. भाईंनी या वयात ती दिली. नोंदणी नसलेल्या 'आपल्याच माणसा'च्या शब्दावर, नोटरीच्या कागदावर, गुंठाभर जमीन घेऊ नका. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का, तुकडेबंदीत बसते का, एन.ए. झाली का, हे तीन प्रश्न आधी विचारा. वडिलांच्या पश्चात वारसांची नावे लगेच लावा, बहिणींचीही. हिस्सा द्यायचा म्हणून आपण वाझ ऐकतो आणि फेरफारात बहिणीचे नाव मात्र विसरतो. चाळीस वारसांचा पडका वाडा असाच तयार होतो.

आणि नंबरावर मिळणारे घर अजून पूर्ण संपलेले नाही. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत, नाशिकही त्यात आले, चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहप्रकल्पांत वीस टक्के घरे अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात आणि ती म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. नाशिकमध्ये ही घरे नियमाप्रमाणे मिळाली का, यावर २०२२ मध्ये मोठा वादही झाला होता. वाद झाला तो घरे असायला हवीत म्हणूनच. माझ्या ओळखीतल्या किती पालकांनी ही सोडत भरली? हाताच्या बोटांवर मोजता येतील. अर्ज ऑनलाइन आहे, उत्पन्नाचा दाखला, आधार, पॅन आणि रहिवासाचा पुरावा लागतो. यंदाची जाहिरात आली की शाळेत आठवी-नववीच्या मुलांकडून फॉर्म समजून घेण्याचा एक तास मी घेणार आहे. मुले वाचतील आणि घरी जाऊन अब्बांना सांगतील.

सोडतीत नाव शेवटी येते, आधी नंबर येतो. ज्या शहरात सिडकोच्या सहा योजना अशाच भरल्या, तिथे हे नव्याने सिद्ध करायची गरज नाही. फॉर्म मात्र वेळेत भरावा लागेल.